देव पाहून घेईल... पण तोवर काय?

रविवारी रात्री साडेनऊला पोटात गोळा येतो तुमच्या? उद्या पुन्हा तेच क्युबिकल, तोच बॉस, तीच एक्सेल शीट. आणि आतून कुणीतरी कुरकुरतं, ‘आपण यासाठी जन्मलोच नव्हतो यार!’ कुणाला फोटोग्राफी करायचीय, कुणाला गावातल्या मुलांना शिकवायचंय, कुणाला शेतीत काहीतरी नवं करून बघायचंय. पण होम लोन आहे, आईबाबांचं औषधपाणी आहे. म्हणजे आणखी थांबा!

माझंही तेच. दोन वर्षांपूर्वी महिन्याच्या पगारावर पाणी सोडलं आणि फ्रीलान्सिंग सुरू केलं. पैसे कधीच वेळेवर येत नाहीत. ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप केला, ते तिसऱ्या प्रकरणात अडकलंय. धुळ्याला घरी गेले की शेजारच्या काकू विचारतात, “मग, परमनंट कधी?” आणि मी काही बोलायच्या आत आईचं ठरलेलं उत्तर येतं, “देव पाहून घेईल.”

खरं सांगू? या वाक्याचा मला भयंकर राग यायचा. देव पाहून घेईल, मान्य. पण तोवर मी काय करू?

मागच्या खेपेला रेल्वेने आधी जळगावला उतरले. तिथून एसटीने धुळं गाठायचं, असा बेत होता. मधल्या वेळात जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात गेले. बहिणाबाई चौधरींचं घर. आता तिथं त्यांच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय आहे.

लिहिता न येणारी कवयित्री

बहिणाबाई शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनाच भेटलेल्या असतात. परीक्षा संपली की आपण त्यांना विसरतो. त्यांचा ‘बायोडेटा’ मात्र पुन्हा एकदा वाचण्यासारखा आहे. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न. तिशीत वैधव्य. पदरात तीन मुलं. त्यातल्या ओंकारला प्लेगच्या आजारानं कायमचं अपंगत्व आलं. शेतीची कामं, घरातली कामं, आणि अक्षरओळख शून्य!

या सगळ्यात त्या गाणी रचत होत्या. दळताना, निंदताना, चुलीपुढे, आपल्या लेवा गणबोलीत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी त्यातली काही कागदावर उतरवून ठेवली. बाकीची किती वाऱ्यावर गेली, त्याला हिशेबच नाही.

त्यांचा देवावरचा विश्वास मला इथं नव्यानं कळला. गाण्याचं श्रेय त्या स्वतःकडे घेतच नाहीत, ते सरस्वतीला देऊन मोकळ्या होतात. पण एका गाण्यात ज्योतिषी दाराशी येतो, तर त्याला सरळ परत पाठवतात! देवावर भरवसा आहे, पण पुढं काय होणार ते आधी कळलंच पाहिजे, असा हट्ट नाही. आपलं नेमकं उलटं. आपण राशिभविष्य वाचतो, टॅरो बघतो, करिअर कौन्सेलरला पाच वर्षांचा प्लॅन विचारतो, आणि आजचं काम उद्यावर ढकलतो.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्यांची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले. हे लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असंच त्यांचं म्हणणं पडलं. १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ते २०१८ मध्ये दिलं गेलं. यातलं काहीच त्यांनी बघितलं नाही.

वाड्यातून बाहेर पडताना हेच टोचत होतं. समजा, माझंही पुस्तक माझ्या हयातीत आलंच नाही तर? देवानं असं का करावं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. बहिणाबाई पुस्तकाची वाट बघत बसल्याच नव्हत्या. त्यांचं गाणं त्या दिवशीच्या दळणाबरोबर त्या दिवशीच पूर्ण होत होतं.

तुरुंगातले अठरा रविवार

एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली. धुळ्याचा तुरुंग मी लहानपणापासून बाहेरून बघत आलेय. आत काय घडलं होतं, ते फार उशिरा समजलं.

१९३२ साली स्वातंत्र्य चळवळीतले बरेच कैदी इथं होते. त्यांत ३६ वर्षांचे विनोबा भावे होते आणि ३२ वर्षांचे साने गुरुजी. गुरुजींनी १९३० मध्येच अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडलेली. म्हणजे तुमच्याआमच्या वयाच्या आगेमागेचीच माणसं! बाहेर चळवळ चालू आणि आपण आत अडकलेलो. करिअरचा याहून मोठा ब्रेक कुठला?

विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायला सुरुवात केली. १९ जूनला अठरावा अध्याय झाला. समोर होते सोबतचे कैदी. साने गुरुजी ते सगळं उतरवून घेत होते. तीच ‘गीता प्रवचने’. पुढे ती अनेक भारतीय भाषांत गेली. ज्या भूदान चळवळीनं विनोबांना जगभर ओळख दिली, ती सुरू झाली १८ एप्रिल १९५१ ला. म्हणजे त्या रविवारांनंतर तब्बल १९ वर्षांनी!

आणि हो, देवावर भरवसा म्हणजे मिळेल ते मुकाट सोसणं, असा अर्थ कृपया काढू नका. ही माणसं सरकारशी भांडूनच तुरुंगात आली होती. तुमचा बॉस छळत असेल तर भांडा, नोकरी बदला. बहिणाबाईंना तो चॉइसच नव्हता, आपल्याला आहे. पण सगळं करूनही जे आपल्या हातात उरत नाही, ते देवाकडे सोपवून झोपता आलं पाहिजे. देव न मानणाऱ्यांनी ते काळावर सोपवावं.

घरी पोचले तेव्हा आई कळण्याच्या भाकरी थापत होती. सोबत वांग्याचं भरीत. मी विचारलं, “आई, देव पाहून घेईल म्हणतेस, मग तू रोज पहाटे पाचला उठून इतकं का राबतेस?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. “अगं, तो त्याचं पाहील. भाकरी कोण भाजणार?”

जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. रविवारच होता, साडेनऊ वाजले होते. पोटात गोळा आलाच, पण तिसऱ्या प्रकरणाचं एक पान लिहून झालं.