‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर येऊ नये म्हणून

शेतकरी बंधू-भगिनींनो, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), अधिवेशन आले की आपल्याकडच्या नाक्यांवर एक बोलणे हमखास कानावर पडते. “आमदारांनी एस.टी.चा प्रश्न टाकला म्हणे, मग गाडी का नाय आली?” प्रश्न टाकला म्हणजे गाडी आली, असे होत नाही हे खरे. पण प्रश्न टाकून काहीच होत नाही, हेही खरे नाही. मध्ये काय घडते ते नीट समजून घेतले तर बरेचसे काम गावाच्याच हातात आहे, असे दिसेल.

विधानसभेतला प्रश्न ठरलेल्या साच्यात असतो. “माननीय परिवहन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय” अशी सुरुवात. पहिल्या भागात हकिकत मांडायची आणि शेवटी लिहायचे, “हे खरे आहे काय”. दुसरा भाग, “असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय”. मग त्यानुसार काय कारवाई केली, आणि अगदी शेवटी “नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत”. उत्तरेही तशीच साच्यातली. “होय”, “अंशतः खरे आहे” किंवा “हे खरे नाही”. आता गंमत अशी, की पहिल्या भागाला “हे खरे नाही” असे उत्तर आले की खालच्या सगळ्या भागांना एकच शेरा मिळतो, “प्रश्न उद्भवत नाही”. खेळ तिथेच आटोपतो.

म्हणजे सगळा भार पहिल्या भागावर. “तलासरी व डहाणू तालुक्यांत एस.टी. गाड्या अनियमित आहेत, हे खरे आहे काय” असे मोघम विचारले तर उत्तर काय येणार? हे उत्तर मंत्री घरी बसून लिहीत नाहीत. प्रश्न मंत्रालयातून महामंडळाकडे, तिथून पालघरच्या विभाग नियंत्रकांकडे आणि शेवटी आगारात येतो. आगारातला माणूस कागद बघतो. वेळापत्रकात फेरी आहे, तक्रार आलेली नाही, मग तो लिहितो की फेऱ्या सुरू आहेत. त्याचे तरी काय चुकले? त्याच्या फायलीत आपल्या गावाचा एकही कागद नाही.

हेच जर प्रश्नात असे आले, की अमुक गावाची संध्याकाळची फेरी अमुक महिन्यात अमुक दिवस आलीच नाही, आणि ग्रामपंचायतीने अमुक तारखेला लेखी कळवले आहे, तर “हे खरे नाही” म्हणणे अवघड जाते. रद्द फेरीची नोंद आगाराकडे असतेच. दोन्ही कागद जुळले की “होय” किंवा निदान “अंशतः खरे” लिहावे लागते, आणि मग पुढच्या भागांना उत्तर देणे भाग पडते. प्रश्न तारांकित असेल तर सभागृहात उपप्रश्नही विचारता येतात. अतारांकित असेल तर फक्त लेखी उत्तर मिळते.

डहाणू मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वेळा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. पण डहाणू तालुक्याचा सगळा भाग याच मतदारसंघात नाही. तेव्हा आपले गाव कुणाकडे येते ते आधी पाहून घ्या. मी सरकारी नोकर, पक्षाचे बोलणार नाही. कागद कुठल्याही पक्षाच्या आमदाराला तितकाच उपयोगी पडतो.

आता कुणी म्हणेल, शेतीखात्याच्या माणसाला एस.टी.ची एवढी कळकळ कशाला? सांगतो. शेतीशाळा घेताना माझा अनुभव असा, की दुपार कलली की बायकांचे लक्ष फळ्यावरून उडते. शेवटची गाडी गेली तर घरी जायचे कसे, हा घोर. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक अर्धे राहते. पावसाळ्यात डोंगरातली शेवळं, कंटोळी पाटीत घालून बाजारला निघालेली बाई सकाळच्या गाडीवर अवलंबून असते. ती गाडी चुकली की भाजी मऊ पडते आणि व्यापारी सांगेल तो भाव. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण झाडावरून उतरवलेला चिकू मानांकन बघून थांबत नाही, चार-सहा दिवसांत पिकतोच. मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली ती १६ एप्रिल २०१३ ला. मोठी सोय झाली. पण खुद्द तलासरी गावाला रेल्वेचे स्थानक नाही. उधवा, झरी, सायवन, गंजाड इकडच्या माणसाला लोकल गाठायची तरी आधी एस.टी. किंवा टमटम लागतेच.

आणि वादाचे मूळ इथेच आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळ शासनात विलीन करा, ही मुख्य मागणी. ती मान्य झाली नाही. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या असे सांगितले, तेव्हा कुठे गाड्या रांगेला लागल्या. त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यापाड्यांतली माणसे चालवली कुणी? इको आणि टमटमवाल्यांनी. संप मिटला, पण सुटलेला प्रवासी सगळा परत आला नाही. मग एस.टी.चे चालक-वाहक म्हणतात, हे आमचे प्रवासी पळवतात. टमटमवाला म्हणतो, तुमची गाडी येत नाही म्हणून तर लोक माझ्याकडे येतात. दोघांचेही खरे आहे. कायद्याने मात्र टप्प्याटप्प्यावर माणसे चढवत-उतरवत जाण्याचा परवाना वेगळा आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरवून भाड्याने नेण्याचा वेगळा. बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खाजगी वाहनांनी प्रवासी भरू नयेत असाही दंडक आहे. तो पाळला जातो का, ते आपण रोज बघतोच. पण टमटमवाला म्हणजे कुणी परका नव्हे, आपल्याच पाड्यावरचा कर्ज काढून गाडी घेतलेला पोरगा आहे. त्याच्यावर कारवाई करा असा ठराव घेण्याआधी गाडी वेळेवर आणा असा ठराव घ्यावा, हे माझे मत.

फेरी बंद होते ती भारमानावर. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, ते भारमान. गाडी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी लोक थांबत नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी रिकामी जाते, भारमान घसरते आणि कमी भारमानाच्या नावावर फेरी कायमची जाते. विहिरीतला गाळ काढायचा नाही आणि पाणी आटले म्हणून विहीर बुजवायची, तशातला प्रकार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे. ही सवलत महामंडळाच्या खिशातून जात नाही, शासन भरून देते. तेव्हा म्हातारीने शून्य रुपयांचे तिकीटसुद्धा मागून घ्यावे. मशीनवर ते निघाले तरच ती प्रवासी म्हणून मोजली जाते.

आता पडून असलेल्या सार्वजनिक मालमत्तेकडे वळू. कारण आमदारांच्या प्रश्नांत हाही विषय येतो आणि गाडीच्या वादाशी त्याचा जवळचा संबंध आहे. महामंडळाचा संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेल्याचे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आले. त्याच वर्षी महामंडळाच्या जमिनी खाजगी सहभागातून विकसित करण्यासाठी ४९ अधिक ४९ अशा ९८ वर्षांच्या भाडेपट्ट्याला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तोटा भरून काढायला जागा वापरात आणणे गैर नाही. पण ९८ वर्षे म्हणजे आपल्या नातवाचा नातू. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. अशा वेळी आपल्या भागातल्या जागेला गिऱ्हाईक मिळणारच. स्थानकाच्या जागेचा असा प्रस्ताव आला तर आपला प्रश्न तयार हवा. फलाट किती राहणार, भाजीच्या पाट्या ठेवायला ओटा मिळणार का, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे? हे करारात लिहून घ्यायचे असते. करार झाल्यावर विचारून उपयोग नाही.

महामंडळाने स्वतः एक चांगले उदाहरण घालून दिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत जुन्या प्रवासी गाड्यांचे मालवाहू ट्रक केले आणि मे महिन्यात कोकणातला आंबा मुंबईकडे आणला. मात्र जुन्या बसचा सांगाडा मागून वाचनालय करू, असे कुणाच्या मनात असेल तर थांबा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी आणि महामंडळाच्या गाड्या नोंदणीकृत केंद्रातच मोडीत काढाव्या लागतात.

गावातली पडीक मालमत्ता हे त्याहून सोपे काम. बंद पडलेले गोदाम, वापरात नसलेली शाळेची खोली, छप्पर उडालेला प्रवासी निवारा. आधी मालक शोधा. शाळेची खोली जिल्हा परिषदेची असते, ग्रामपंचायत तिला परस्पर भाड्याने देऊ शकत नाही. ग्रामपंचायतीची स्वतःची जागा असली तरी विक्रीला किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी थांबते त्या जागेजवळचे गोदाम महिला बचत गटाला भाजी-फळे गोळा करायला दिले, तर प्रवासी आणि माल एकाच ठिकाणी जमतील. भारमान वाढेल ते निराळेच.

तर कामाला लागा. शाळेतल्या एखाद्या हुशार मुलीला वही द्या. रोज गाडी कधी आली, किती चढले, आली नाही तर तसे, एवढेच लिहायचे. दोन महिने पुरेत. ती वही जोडून ग्रामसभेचा ठराव करा. एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक विभाग नियंत्रकांना, एक आमदारांना द्या आणि तिन्हींवर पोच घ्या. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. म्हणून १ मे च्या ग्रामसभेतला ठराव पावसाळी अधिवेशनासाठी आणि २ ऑक्टोबरचा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी, असा हिशेब धरा. १ मे साठी वही सुरू करायची ती १ मार्चला.