दंडाच्या पैशातून नवं कुलूप

मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बाईला आसरा द्यायचा, तर सरकार पैसा आणतं कुठून? अमेरिकेतली उत्तरं वाचून मी थक्क झाले.

कॅलिफोर्नियात लग्नाचा परवाना काढताना जे शुल्क भरावं लागतं, त्यातले 23 डॉलर अशा स्त्रियांच्या निवाऱ्यांसाठी बाजूला काढले जातात. तिथे परवाना काढून लग्न केलेल्या मराठी जोडप्यांनीही नकळत हा हातभार लावला असेल! इलिनॉयमध्येही परवान्यामागे 10 डॉलर घेत. पण लग्न हा मूलभूत हक्क आहे, लग्न करणाऱ्यांवरच हा बोजा का, असं म्हणत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली तो नियम रद्द केला.

याहून विलक्षण आहे तो 1984 च्या कायद्याने उभा राहिलेला केंद्रीय 'गुन्हेपीडित निधी'. तो करांतून भरत नाही. केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरलेल्यांचे दंड त्यात जमा होतात आणि सर्वांत मोठ्या रकमा येतात त्या गैरव्यवहार करणाऱ्या बड्या कंपन्यांकडून. राज्यांना मिळणाऱ्या अनुदानातला किमान 10 टक्के वाटा जोडीदाराच्या छळाला बळी पडलेल्यांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून निवारा चालतो, कोर्टात सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार निघतो. एवढंच काय, घराच्या दाराचं कुलूपही बदलून मिळतं. जुनी किल्ली अजून नवऱ्याच्या खिशात आहे, तोवर त्या घरात झोप कशी लागणार? म्हणजे कुठल्याशा कंपनीने केलेल्या लबाडीच्या दंडातून एका अनोळखी बाईच्या दाराला नवं कुलूप लागतं. मला हे फार न्याय्य वाटतं.

पण दंड काही दरवर्षी सारखा येत नाही. खटला न चालवता कंपन्यांशी तडजोड करण्याची पद्धत वाढली आणि त्या तडजोडीचे पैसे निधीत न येता सरळ सरकारी तिजोरीत जाऊ लागले. 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून ती वाट निधीकडे वळवली, तरी खड्डा भरला नाही. 2018 मध्ये निधीतून 4.4 अब्ज डॉलर खर्चायची मुभा होती, 2024 मध्ये ती जेमतेम 1.35 अब्जांवर आली.

निवाऱ्याचं भाडं आणि कार्यकर्तीचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागतो. म्हणून दंडाच्या जोडीला अर्थसंकल्पात कायमची तरतूद हवीच, असं माझं ठाम मत आहे.