पाणी कमी, फुले जास्त : घरातला गोल निवडुंग

अब्बांचा इंतकाल मे महिन्याच्या शेवटी झाला. अम्मीची इद्दत जून ते ऑक्टोबर, म्हणजे जवळजवळ सगळ्या पावसाळ्यात आली. वर्ध्याच्या घरात ती दिवसभर खिडकीपाशी बसून असे. तिला विरंगुळा म्हणून माझ्या भाचीने नर्सरीतून एक गोल निवडुंग आणून दिला. लिंबाएवढा, पांढऱ्या काट्यांचा, डोक्यावर गुलाबी फुलांचे सुकत आलेले कडे.

अम्मीने तो जिवापाड जपला. वजू झाल्यावर लोट्यात उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ती ते त्याच्या कुंडीत घालायची. दिवसातून पाच वेळा. ऑगस्टमध्ये एका सकाळी तिने बोट लावून पाहिले, तर झाड बुडाशी मऊ पडले होते. "ये भी चला गया," एवढेच ती म्हणाली.

तेव्हा आम्हाला माहीत नव्हते, ते आज सांगावेसे वाटते. आपल्याकडे निवडुंग उन्हाने क्वचित मरतो; बहुतेक वेळा तो आपल्या मायेने मरतो.

रात्री श्वास घेणारे झाड

हे छोटे गोल निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले. वर फुलांचे कडे येणारा मॅमिलेरिया मुख्यतः मेक्सिकोचा. मोठे, नाजूक फूल देणारा जिम्नोकॅलिशियम अर्जेंटिना, पॅराग्वेकडचा. दक्षिण अमेरिकेतल्याच एकिनॉप्सिसच्या काही जातींना लांब देठासारख्या नळीचे फूल येते. ते संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी मिटते. वर्ध्यासारख्या ठिकाणी सुरुवात या तिघांपासून करावी. उंच डोंगरातल्या थंडीला सरावलेल्या रेबुटियाला आपला मे महिना सोसत नाही.

इतर झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवा घेतात. निवडुंग ती छिद्रे रात्री, गारव्यात उघडतो आणि दिवसा बंद ठेवतो. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी टिकते. पण मे महिन्यात आपल्या रात्रीही तापलेल्या असतात. मग तो वाढ थांबवून गप्प बसतो. असे थांबलेले झाड पाणी पीत नाही आणि कुंडीत साचलेले पाणी मुळे कुजवते.

माती आणि कुंडी

आपल्या जिल्ह्यातली काळी माती कापसाला उत्तम, निवडुंगाला घातक. ती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. त्याऐवजी दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि बारीक मुरूम, एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, आणि थोडे विटांचे व कोळशाचे तुकडे घ्यावेत. मूठभर ओले मिश्रण दाबून सोडले की ते लगेच विस्कटले पाहिजे.

कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि झाडापेक्षा जेमतेम इंचभर रुंद असावी. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते. झाड उचलताना वर्तमानपत्राची जाड पट्टी करून त्याभोवती गुंडाळावी, म्हणजे हाताला काटे लागत नाहीत. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये.

वर्षाचा हिशेब

जून ते सप्टेंबर : आपल्याकडचा बहुतेक पाऊस याच चार महिन्यांत पडतो. कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली किंवा उजेडाच्या खिडकीत ठेवाव्यात. माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पाणी नाही. झड लागली असेल तर अजिबात नाही.

ऑक्टोबर : ऊन चांगले, हवा कोरडी. आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे, खालून निथळू द्यावे, बशीत साचलेले ओतून टाकावे.

नोव्हेंबर ते जानेवारी : फुलांची खरी तयारी याच काळात होते. भरपूर ऊन, थंड रात्री आणि जवळजवळ कोरडी माती असली, तर कळ्या धरतात. फार आक्रसला तरच महिन्यातून एकदा थोडे पाणी. सुरकुत्या पाहून घाबरू नये.

फेब्रुवारी-मार्च : कळ्या दिसू लागल्या की पाणी हळूहळू वाढवावे. कळ्या आल्यावर कुंडी सारखी फिरवू नये. कुंडी बदलायची असेल तर कळ्या येण्याआधीच बदलावी.

एप्रिल-मे : पारा 45 अंशांच्या पुढे जातो. हिरव्या जाळीखाली ठेवावे. दुपारच्या उन्हाने पडलेला पांढुरका डाग पुन्हा हिरवा होत नाही. पाणी थोडेच, तेही कुंडी निवल्यावर, उशिरा संध्याकाळी. कूलरच्या दमट झोतासमोर कुंडी नको. बोअरचे पाणी जड असेल तर झाडावर पांढरा थर बसतो. त्यासाठी पावसाचे पाणी साठवून ठेवता येते.

विकत घेताना

लाल-पिवळ्या गोळ्याचा निवडुंग मुलांना फार आवडतो. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते, म्हणून तो खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो. तो फार वर्षे टिकत नाही, हे माहीत असू द्यावे. काही ठिकाणी वाळलेले रंगीत फूल गोंदाने चिकटवून विकतात. खरे फूल काट्यांच्या गादीजवळून किंवा दोन गाठींच्या मधून उगवते, चिकटवलेले नुसते वर बसलेले असते. बूड दाबून पाहावे, ते घट्ट हवे.

कापूस पिकवणाऱ्या घरांना पिठ्या ढेकूण ठाऊकच आहे. काट्यांमध्ये तसा पांढरा कापूस दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने पुसून काढावा आणि ते झाड इतरांपासून दूर ठेवावे. लहान मुले असतील तर कुंड्या त्यांच्या हाताच्या वर ठेवाव्यात.

अम्मीचे पिल्लू

अम्मीचे झाड काढले तेव्हा बुडाशी बोराएवढे एक पिल्लू अजून टणक होते. ते अलगद मोडून सावलीत आठवडाभर वाळवले, मग नुसते वाळूच्या मिश्रणावर टेकवून ठेवले. पंधरा दिवस पाण्याचा थेंबही दिला नाही. अम्मीला ते पाहवत नव्हते. वजूचे उरलेले पाणी आता मोगऱ्याला आणि मेंदीला जाऊ लागले.

पहिल्या वर्षी ते फक्त जगले. दुसऱ्या हिवाळ्यात आक्रसून इतके लहान झाले की अम्मी रोज विचारायची, "आज दूँ क्या पानी?" आम्ही रोज नाही म्हणायचो. मार्चमध्ये डोक्यावर तीन गुलाबी कळ्या आल्या. त्या दिवशी तिने स्वतः एक छोटा कप भरला, माती बोटाने तपासली, अर्धा कप घातला आणि उरलेला मोगऱ्याला दिला.

आता त्याच्याभोवती पाच पिल्ले आहेत. एक भाचीकडे गेले. देताना अम्मी पाणी किती घालायचे ते सांगत नाही, कधी घालायचे नाही तेच सांगते.