शाळा सुटली, अभ्यास सुटू नये

सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे क्रांतिकारक म्हणून भाई सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी कर्जत भागात त्यांनी स्वयंसेवी शाळा काढल्या होत्या, हे मात्र आपण विसरतो.

कष्टकऱ्याचे घड्याळ आणि शाळेचे घड्याळ सहसा जुळत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. आम्हा कारकून मंडळींना त्या सोयीचे मोल सांगावे लागत नाही.

आपल्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने तोच धडा गिरवला. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कल्पनेतून ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. वेळ दुपारी २ ते ४, म्हणजे घरकाम आटोपल्यावर. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या आणि अंगठ्याऐवजी सही करू लागल्या.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली गावाने ठरविले, की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद राहतील. मुले अभ्यासाला बसू लागली.

मग मोबाईल शत्रू समजायचा काय? नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा ॲपमध्ये तो दाखविला की पाठासंबंधीचे साहित्य उघडते. एकदा उतरवून घेतले, की रेंज नसलेल्या पाड्यावरही ते पाहता येते. दहा मुलांत एक फोन पुरतो. जवळ जाणते माणूस मात्र हवे.

आमच्या भागात दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पोर उन्हाळ्यात परतते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. मागे पडलेले पोर मग शाळेकडे फिरकत नाही. म्हणून आमची विनंती आहे: विहारात, समाजमंदिरात रोज संध्याकाळी दीड तास अभ्यासवर्ग भरवा. शिकलेल्या तरुण-तरुणींनी वार वाटून घ्यावेत. आणि भट्टीवर जाणाऱ्या मुलांची यादी दिवाळीपूर्वीच करून, पुस्तके व उतरवून घेतलेले पाठ त्यांच्यासोबत पाठवावेत.