चापावरच्या बोटाचा हिशेब

‘‘साहेब, परवाना मिळाला की घरात शिरलेल्या चोराला गोळी घालता येते ना?’’ नव्याने रिव्हॉल्व्हर घेणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मला हे विचारतो. सातारा जिल्ह्यात पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून माझी नोकरी झाली. हत्यारं उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची, नोंदवहीत चढवायची. निवृत्तीनंतर नव्या परवानाधारकांना मी हत्यार हाताळायला शिकवतो. २०१६च्या शस्त्र नियमांपासून परवान्यासाठी असं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. माझ्यासमोर बसणाऱ्यांत निवृत्त फौजी असतात, सराफ असतात, बागायतदार असतात. वरचा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच.

त्याचं उत्तर मी सरळ देतो. जीव वाचवण्याचा हक्क तुम्हाला परवाना मिळायच्या आधीही होता आणि तो काठीवाल्याला, कोयतेवाल्याला, हातात वरवंटा असलेल्या बाईलाही तेवढाच आहे. परवान्याने त्यात तिळभरही भर पडत नाही. परवाना देतो ते हत्यार जवळ ठेवण्याची मुभा आणि तिच्या सोबतीने येणारी कर्तव्यं.

हा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता आणि १८६०पासून त्याचा गाभा फारसा बदललेला नाही. आपल्याच नव्हे, दुसऱ्याच्याही शरीराचं आणि मालमत्तेचं रक्षण करता येतं. मात्र हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी पोहोचतो, याच्या मर्यादा आखलेल्या आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार वा अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोहोचताच येणार नाही अशा रीतीने डांबणं आणि २०१३पासून अ‍ॅसिड हल्ला. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या जागेला आग लावणं, आणि जीवाची भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी किंवा घुसखोरी. यात बसत नसेल तर हल्लेखोराला रोखता येतं, जखमीही करता येतं, पण जाणूनबुजून त्याचा जीव घेता येत नाही.

इथवर ऐकलं की समोरचा खूश होतो. रात्रीची घरफोडी यादीत आहे म्हटल्यावर त्याला वाटतं, काम झालं. मग मी त्याला कलम ३७ सांगतो. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कधीच नाही. शिवाय हक्काला वेळेची मर्यादा आहे. शरीराचा धोका आहे तोवर शरीररक्षणाचा हक्क, घरफोड्या घरात आहे तोवर त्या घरफोडीवरचा हक्क. रिकाम्या हाताने कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर शवविच्छेदनाच्या अहवालात पहिली ओळ असते ती गोळी पाठीतून आत गेल्याची. त्या ओळीपुढे घरमालकाची सगळी हकिकत लटकी वाटू लागते.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातमधलं एक प्रकरण आलं होतं. विहीर खोदणाऱ्या मजुरांच्या मजुरीवरून वाद होता. मालक रात्री गाडीतून निघाला असताना काही माणसं गाडी अडवायला आली आणि त्याने रिव्हॉल्व्हरमधून लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या. एकजण मेला. मालकाने हक्काची मर्यादा ओलांडली, असा निष्कर्ष निघाला. मी शिकवताना हे उदाहरण नेहमी घेतो, कारण तो मालक कुणी गुंड नव्हता. अंधार, भांडणाचा राग, समोर चालून येणारी माणसं आणि हाताशी भरलेलं हत्यार, एवढं जुळून आलं आणि बोट चापावर गेलं.

कायदा भित्र्यांसाठी लिहिलेला आहे असंही कुणी समजू नये. पहिला घाव अंगावर घेऊन मगच प्रतिकार करा, असं तो म्हणत नाही. रास्त भीती पुरेशी असते. पळून जाता आलं असतं तर पळायलाच हवं होतं, असंही म्हणत नाही. २०१०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत आणि जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रतिकार तोळ्यामाशाने मोजून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे सूत्र त्यात पुन्हा आलं आहे. जमावाच्या बाबतीत तर कायदा अनेकांना वाटतं त्यापेक्षा पुढे जातो. जमाव जीव घ्यायला आला असेल आणि निरपराधांना इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय स्वतःला वाचवताच येत नसेल, तर कलम ४४ तो धोकाही पत्करू देतं.

पण हे सगळं सिद्ध कुणी करायचं? गोळी झाडणाऱ्याने. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे स्वसंरक्षण हा अपवाद आहे आणि अपवादाचा भार आरोपीवर असतो. सरकारी पक्षाइतका निर्विवाद पुरावा त्याला द्यावा लागत नाही, त्याची बाजू अधिक संभाव्य दिसली तरी पुरते. पण तोवर तो आरोपी असतो. गुन्हा नोंदवला जातो, हत्यार जप्त होतं, परवान्यावर टाच येऊ शकते. सद्‌हेतूने पण मर्यादा ओलांडून जीव घेतला असं ठरलं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो. त्याचीही शिक्षा काही वेळा जन्मठेपेपर्यंत जाते.

आणि हत्यार गप्प बसत नाही. हे मी माझ्या धंद्यातून सांगतो. झाडलेल्या पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा राहतो, गोळीवर नळीतल्या आट्यांच्या खुणा राहतात. जवळून झाडलेल्या गोळीच्या जखमेभोवती जळाल्याच्या आणि दारूच्या कणांच्या खुणा सापडतात, लांबून झाडलेलीच्या सापडत नाहीत. मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत या खुणा वाचणारे लोक बसलेले आहेत. ‘‘झटापटीत सुटली’’ असं म्हणणाऱ्याला अंतराचा हिशेब द्यावा लागतो.

नानावटी खटला मराठी वाचकाला माहीत असतो तो प्रेमप्रकरण आणि ज्यूरीसाठी. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. २७ एप्रिल १९५९ला कमांडर नानावटी जहाजावर गेले आणि रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय, असं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेऊन आले. रात्रीचा प्रवास, संरक्षण! आजही परवान्याच्या अर्जात सर्रास लिहिलं जाणारं कारण. त्याच दुपारी ते हत्यार एका शयनगृहात झाडलं गेलं. त्यांचा बचाव होता तो झटापटीत गोळ्या सुटल्याचा. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि रागाच्या भरात घडलं हेही मानलं नाही, कारण दुपारी दीडला घरातून निघालेल्या माणसाला चार-वीसपर्यंत स्वतःला सावरायला पुरेसा वेळ होता. संरक्षणासाठी म्हणून घेतलेलं हत्यार रागाच्याही हाताशी असतं. अर्जदाराबद्दल स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवतात, तेव्हा घरातली भांडणं, दारू, भावकीतला बांधाचा वाद याची चौकशी होते. ती काहींना जाचक वाटते. मला ती कमीच वाटते.

आता हाताळणीविषयी, कारण मी पाहिलेले बहुतेक अनर्थ चोरांमुळे झालेले नाहीत. साध्या नागरिकाला आपल्याकडे बहुधा पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळतं. नऊ मिलिमीटर सामान्यांसाठी निषिद्ध आहे. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं, हा सर्वांत जीवघेणा गैरसमज. एक राउंड नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये, बसलेला असू शकतो. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं, आणि अंधार असेल तर बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा केला, आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर एक राउंड बाहेर पडतो आणि दुसरा निमूटपणे आत जाऊन बसतो. माणसाला वाटतं आपण हत्यार मोकळं केलं. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर उघडून सहाही खाने दिसतात, म्हणून लोकांना ते भोळं वाटतं. पण जुन्या धाटणीच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. हातातून निसटून फरशीवर पडलं तरी गोळी सुटू शकते. असं हत्यार भरायचंच असेल तर घोड्याखालचा खाना रिकामा ठेवावा. १ ऑक्टोबर २०२४ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, ती प्रवासाला निघण्याच्या गडबडीत.

निवडणुकीच्या काळात हत्यारं जमा करून घेताना टेबलावर मी प्रत्येक हत्यार स्वतः उघडायचो. मालक ‘‘रिकामं आहे’’ म्हणायचा आणि चेंबरमधून राउंड निघायचा. त्याची बायकोमुलं त्याच घरात त्या हत्यारासोबत राहत आलेली असायची. त्या वेळी माझ्या पोटात गोळा यायचा, तो आजही आठवतो. (सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने २००९मध्ये लगाम घातला. आता छाननी समिती प्रकरण पाहून ठरवते, आणि ते योग्यच आहे.)

रेंजवर बघा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. त्या खेळात गोळीबार थांबला की प्रत्येक पिस्तुलाच्या चेंबरमध्ये भडक रंगाची एक पट्टी खोचलेली असते, आत काडतूस नाही हे लांबूनही दिसावं म्हणून. जगातले उत्तम नेमबाज स्वतःच्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवत नाहीत. घरातल्या परवानाधारकाने तो का ठेवावा?

घरात हत्यार कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे. उशीखाली, गाडीच्या कप्प्यात, देवघराच्या फळीवर कधीच नाही. यावर सगळे विचारतात, ‘‘मग अडीच वाजता दार फुटलं तर त्याचा उपयोग काय?’’ मी खोटं बोलत नाही. बहुतेक घरांना उपयोग होणार नाही. अशा घरांना मजबूत दार, अंगणातला दिवा, भुंकणारं कुत्रं आणि ११२ क्रमांक अधिक कामाचा आहे. ज्याला सोनं घेऊन फिरावं लागतं, ज्याला साक्ष दिल्याबद्दल धमक्या येतात, ज्याचं वस्तीवरचं घर गावापासून दूर आहे, त्याची गरज खरी आहे आणि त्याने पद्धतशीर सराव करून हत्यार ठेवावं. गावात वजन दिसावं म्हणून कमरेला लावणाऱ्याला परवाना नाकारला तर मला वाईट वाटत नाही. आपल्या देशात हत्यार बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेत आहे, आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळालेली ती परवानगी आहे. एकवीस वर्षांखालच्याला ती सहसा मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीने हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. त्याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत, विजयी मिरवणुकीत बेफिकीरपणे गोळ्या झाडणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत मारलेली गोळी कुठेतरी पडतेच, आणि खाली माणसं असतात.

राहता राहिला एक विषय, जो कुणी विचारतच नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. धनी वारल्यावर हत्यार ट्रंकेत तसंच पडून राहतं. बायकोला ते नवऱ्याची आठवण वाटते, मुलांना वारसा वाटतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते विनापरवाना हत्यार असतं, आणि विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा आता किमान दोन वर्षांपासून सुरू होते. साताऱ्यासारख्या फौजींच्या जिल्ह्यात असं ट्रंकेतलं हत्यार सापडणं नवलाचं नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ने यासाठी वाट ठेवली आहे. विनाविलंब हत्यार पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची, आणि मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा.

तुमच्या घरात वडिलांचं किंवा आजोबांचं असं हत्यार असेल, तर ते स्वतः उघडून बघू नका, मुलांना दाखवू नका आणि पिशवीत घालून एस.टी.ने घेऊनही जाऊ नका. ठाण्याला फोन करा, कुणाच्या नावाचं आहे ते सांगा आणि ते म्हणतील तसं या आठवड्यातच जमा करा.