खटारा, लाल बावटा आणि पनवेल

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावांत भिंतीभिंतींवर रंगवलेला ‘खटारा’ जुन्या मतदारांना अजून आठवतो. ही निशाणी शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेसमध्येच मोट बांधली आणि १९४८ मध्ये बाहेरची वाट धरली. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादी बैठक दिली. जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले. रायगडात मात्र पक्ष टिकला. कारण जमीन. आधी कुळांची, मग सिडको या सरकारी कंपनीने नवी मुंबईसाठी घेतलेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पडली. नेतृत्व दि. बा. पाटलांचे, पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार. अखेरच्या काळात तेही शिवसेनेत गेले.

शेकापचे खासदार रामशेठ ठाकूर काँग्रेसवासी झाले. त्यांचे पुत्र प्रशांत ठाकूर पनवेलमधून २००९ मध्ये काँग्रेसचे, २०१४ मध्ये भाजपचे आमदार. पक्षांतराला नुसता सत्तेचा मोह म्हणणे सोपे. पण शेती जाऊन इमारती आल्या, मतदारच बदलला, हे विसरून चालणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचे नाव द्या, ही मागणी मात्र वेगवेगळ्या झेंड्यांखाली झाली.