खारबावचं घर इतकं स्वस्त का, हे आधी विचारा

ठाणे, मीरा रोड, डोंबिवलीतल्या किमती हाताबाहेर गेल्या की घर शोधणाऱ्या कुटुंबाची नजर भिवंडी तालुक्याकडे वळते आणि बोलण्यात खारबावचं नाव येतं. गावाला रेल्वे स्टेशन आहे, एका बाजूला वसई आणि दुसऱ्या बाजूला दिवा आहे, नकाशात ठाण्याचा घोडबंदर पट्टा खाडीच्या पलीकडेच दिसतो आणि घराचा आकडा ठाण्यापेक्षा बराच कमी सांगितला जातो. इथे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘किती लाखांना?’ माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न जास्त मोलाचा आहे, ‘इतक्या कमीत का?’ घर स्वस्त असण्याची कारणं दोन प्रकारची असतात. एक कारण जागेतलं असतं: गाडी कमी, पाणी अपुरं, रस्ता खराब. दुसरं कागदांतलं असतं: परवानगी नाही, जमीन शेतीची किंवा आरक्षणाची. पहिल्या प्रकारच्या स्वस्ताईचा हिशेब मांडता येतो आणि तो जमला तर ती आनंदाने पत्करावी. दुसऱ्या प्रकारचं घर फुकट मिळालं तरी महाग पडतं. खारबावसारख्या गावांतल्या घरांविषयीचे गैरसमज पाहिले, तर बहुतेकांच्या मुळाशी या दोन स्वस्ताईंची सरमिसळ आढळते.

पहिला समज असा की स्टेशन आहे म्हणजे मुंबई तासाभरावर आली. खारबाव वसई रोड–दिवा मार्गावर आहे. वसईकडून निघालं की जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर आणि मग दिवा. हा मार्ग मध्य आणि पश्चिम रेल्वेला आडवा जोडणारा आहे, तो मुंबईच्या दिशेने जातच नाही. त्यावर उपनगरी लोकलऐवजी मेमू धावते, तिच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या होतात आणि बाकीचा वेळ मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्या घेतात. ठाणे किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्याला दिव्याला किंवा कोपरला गाडी बदलावी लागते, तर बोरिवली-अंधेरीकडे जाणाऱ्याला वसई रोडला. त्यामुळे प्रवासाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. सकाळची गाडी चुकली तर पुढची किती वाजता आहे आणि रात्री शेवटची कधी सुटते, या दोन वेळांवर तुमचं रोजचं आयुष्य ठरणार आहे. ज्याची सुट्टी रात्री नऊला होते त्याने आधी वेळापत्रक पाहावं आणि नंतर सॅम्पल फ्लॅट. रस्त्याचीही अशीच गत आहे. ठाणं खाडीपलीकडे दिसत असलं तरी आज गाडीने जायचं तर अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी असा वळसा पडतो. चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्त्यावर गोदामांच्या कंटेनरची वर्दळ असते आणि पावसाळ्यात खड्डे किती पडतात हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारावं.

या गैरसोयीला पैशांत मोजता येतं आणि ते मोजायलाच हवं. वीस वर्षांच्या मुदतीच्या गृहकर्जावर व्याज ९ टक्के धरलं, तर दर लाखामागे महिना सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे दूर राहायला गेल्यामुळे एका माणसाचा रिक्षा, पास आणि अधूनमधून करावी लागणारी खासगी गाडी यांचा खर्च महिन्याला ३,००० रुपयांनी वाढला, तर तो सव्वातीन लाखांहून अधिक कर्जाच्या हप्त्याइतका झाला. नवरा-बायको दोघंही नोकरीला जात असतील तर साडेसहा लाखांच्या पुढे. एवढी रक्कम स्वस्त घराच्या किमतीत मिळवून मग ती कोपर, दिवा किंवा भिवंडी शहराजवळच्या घराशी ताडून पाहावी. वेळेची किंमत यात धरलेलीच नाही. लहान मूल असलेल्या घरात ती सगळ्यात जड असते. पण हाच हिशेब दुसऱ्या कुटुंबासाठी उलटा निघतो. ज्याचं काम भिवंडीच्या गोदामांत, वसईच्या कारखान्यांत किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे, त्याला मुंबईकडे तोंड करून राहायची गरजच नाही. त्याच्यासाठी हा आडवा मार्ग सरळ आहे. म्हणून ‘खारबाव लांब आहे का?’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर असू शकत नाही.

जाहिराती या गैरसोयीचं उत्तर भविष्यकाळात देतात. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणात झालं. ती काल्हेर, अंजूरफाटा, धामणकर नाका अशी जाते, खारबावला येत नाही. समर्पित मालवाहतूक मार्ग याच भागातून जातो, पण त्यावर प्रवासी चढत नाहीत. विरार–अलिबाग मार्गिका भिवंडी तालुक्यातून आखलेली आहे. कासारवडवलीहून खाडी ओलांडून खारबावला येणारा पूल एमएमआरडीएने हाती घेतला आहे, आणि तो खरोखरच या गावाचं चित्र बदलू शकतो. कुणी म्हणेल, मग पूल होण्याआधी घेण्यातच शहाणपण आहे, नंतर भाव चढतील. गुंतवणूक करणाऱ्याला हे म्हणणं शोभतं, कारण तो वाट पाहू शकतो. राहायला जाणाऱ्या कुटुंबाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि मुलांची शाळा जूनमध्ये उघडते. शिवाय होणाऱ्या पुलाची किंमत विकणाऱ्याने आजच्या भावात आधीच घातलेली असते. आज जे आहे तेवढ्यावर हिशेब बसत असेल तरच घर घ्यावं. पूल झाला की तो वरकड लाभ समजावा.

आता कागदांतली स्वस्ताई. इथला सर्वांत पक्का आणि सर्वांत घातक समज म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी आहे, वीज मीटर आहे, म्हणजे इमारत कायदेशीर आहे. भिवंडी शहर महापालिकेत असलं तरी भोवतालची गावं ग्रामपंचायतींची आहेत, आणि त्यांतल्या ५१ गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. खारबावचा पट्टा त्यात येतो. अशा क्षेत्रात इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाचा असतो. सरपंचाच्या सहीचा ‘ना हरकत’ कागद त्याची जागा घेऊ शकत नाही. घरपट्टी ही वापरावरची आकारणी आहे, ती अनधिकृत घरालाही लागू होते. विजेचं मीटरही मालकी किंवा परवानगीचा पुरावा ठरत नाही. त्यामागे जमिनीचा प्रश्न असतो. सातबारा शेतीचा आहे की बिगरशेती झालेला, विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर निवासी झोन आहे की आरक्षण, कुळकायद्याच्या शर्तीची जमीन असेल तर विक्रीची परवानगी घेतली का, आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेनुसार लागणारी मंजुरी आहे का, हे सारं पाहावं लागतं. खाडीलगत किनारा नियमन क्षेत्र आणि तिवरं आहेत; तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही उच्च न्यायालयाने संरक्षित ठेवला आहे. भराव घालून तयार झालेल्या प्लॉटवरची इमारत दिसायला इतरांसारखीच असते.

दस्त नोंदवला गेला म्हणजे व्यवहार पक्का, असंही मानलं जातं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. इमारत मंजूर नकाशानुसार उभी आहे याची हमी तो देत नाही. मग महारेरा? २०१६ चा रेरा कायदा ग्राहकाच्या हाती खरं बळ देतो: नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा लांबला तर व्याजासह परतावा मागता येतो आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षं राहते. पण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठहून जास्त नसतील, तर नोंदणीची सक्तीच नाही. गावातल्या अनेक छोट्या इमारती याच फटीत बसतात. आणि नुसता क्रमांकही पुरत नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावरची बांधकाम परवानगी उतरवून घ्यावी आणि तिचा क्रमांक नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन पडताळावा. अर्धा दिवस जाईल, पण हीच एक गोष्ट कुणी दुसरं आपल्यासाठी करणार नाही. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद तपासले, हा आधारही अपुरा आहे. बँकांनी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच कर्ज द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये बजावावं लागलं, यातच आधी काय चालत होतं ते कळतं. इमारत पडली तरी हप्ता थांबत नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. कायदेशीर घर परवडतच नसेल तर गरिबाने काय करायचं? एवढे लोक राहतात, सगळ्यांना थोडंच उठवतील? पुढे नियमित होईलच. यातली वेदना खरी आहे. शहरांनी कामगारांच्या घरांकडे पाठ फिरवली म्हणूनच अशा इमारतींना गिऱ्हाईक मिळतं. पण संख्येत सुरक्षितता आहे हा समज नालासोपाऱ्याने मोडून काढला. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवरच्या ४१ इमारती २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या, सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांनी कष्टाचे पैसेच भरले होते. आरक्षित जागेवरचं बांधकाम दंड भरून नियमित होईल ही आशा कुणीही पैसे घेऊन विकू नये. आणि प्रश्न फक्त कारवाईचा नाही. भिवंडी तालुक्यातल्याच वळ गावात २९ एप्रिल २०२३ रोजी तळाला गोदाम आणि वर कुटुंबं असलेली इमारत कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला. पैसे कमी असतील तर भाड्याने राहणं, लहान पण भोगवटा प्रमाणपत्र असलेलं घर घेणं किंवा जुनं पुनर्विक्रीचं घर शोधणं हे मार्ग उरतात. ते समाधानाचे नसतील, पण त्यात आयुष्यभराची पुंजी एका दिवसात जात नाही.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजनेचं जुनं व्याज अनुदान २०२२ मध्ये संपलं. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं; ते बुकिंगच्या वेळी किमतीतून वजा होत नाही, आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. गावाकडे स्वतःच्या नावावर घर असेल तर ही रक्कम हिशेबात धरू नये. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, हाही तयार घराकडे वळण्याचा एक फायदा.

पाण्याचा प्रश्न मात्र थोडक्यात सोडता येत नाही. म्हाडाच्या विरार-बोळींज वसाहतीत हजारो घरं वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत. ती कायदेशीर होती, सरकारी होती, तरी पाण्याच्या टंचाईमुळे लोक फिरकत नव्हते. भिवंडीभोवतीच्या गावांना ‘स्टेम’ या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी मिळतं तिथेही नव्या इमारतीची जोडणी, तिचा दाब आणि टँकरचा मासिक खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीतल्या जुन्या रहिवाशाला मे महिन्यातलं टँकरचं बिल दाखवायला सांगावं. शक्य असेल तर आधी त्याच परिसरात भाड्याने राहावं आणि एक उन्हाळा व एक पावसाळा काढून मगच बयाणा द्यावा. आणि तोवर विकणारा ‘उद्या भाव वाढणार’ म्हणून घाई करत असेल, तर मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती मागा. त्या मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.